बिनकफाचा कोट

वहिनीनं काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला, आणि तिला असं काही हसू फुटलं की प्लेट हातातून पडता पडता राहिली. प्लेटमधल्या घट्ट थरावर जंतूंची दुधट साय धरली होती. त्या सायीच्या मधोमध एक स्वच्छ, गोल, आरपार दिसणारं रिंगण उमटलं होतं. त्या रिंगणात जंतू औषधालाही सापडत नव्हता.

"वन्सं! पळत ये! मेले! सगळे मेले!"

पलीकडच्या खोलीतून तिची नणंद हातातला चिमटा तसाच घेऊन धावत आली. तिच्यामागून इमारतीतले आणखी तीन-चार जण आले, कारण कोण मेलं हे कळायला हवं ना! येऊन बघतात तो नणंद-भावजय एकमेकींचे खांदे धरून टेबलाभोवती गरागरा फिरत होत्या. मेलेले जंतू आहेत असं कळल्यावर लोक जरा हिरमुसून परत गेले.

आता यात एवढं नाचण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. त्याला सांगायला हवं की वहिनी जंतुशास्त्र शिकलेली होती, आणि शिकून झाल्यावर मुलगी, घर, आणि बारा महिन्यांतले आठ महिने जहाजावर असणारा नवरा यांतच तिची वर्षं गेली होती. जंतूंशी तिचा संबंध उरला होता तो फक्त मुलीच्या सर्दीपुरता. नणंद मात्र इथंच, या संशोधन संस्थेत, रसायनशास्त्रात. तिनंच वहिनीला ओढून आणलं. लग्न झालं तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वन्सं म्हण हवं तर, पण अहो-जाहो केलंस तर बघ." तेव्हापासून त्या दोघींचं मेतकूट. आणि नणंद सगळ्यांसमोर 'वहिनी, वहिनी' करी, म्हणून दारावरच्या रखवालदारापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. विभागप्रमुख म्हणजे मोठे सर. वयानं त्यांची मुलगी शोभेल अशा बाईला ते "वहिनी, जरा इकडे येता का?" म्हणत, तेव्हा तिला हसू आवरणं कठीण जाई.

हसू हा तिचा जन्माचा रोग होता. आनंद झाला की हसू, आणि भीती वाटली की त्याहून जास्त हसू.

दोघींचं काम सांगायला सोपं होतं. चांदी जंतूंना मारते, हे जुनं. चांदीचे अतिशय बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण केले तर ती आणखी जोरात मारते. आणि असे कण करायला जहाल रसायनं लागतातच असं नाही, झाडाच्या पानांचा अर्कही ते करतो. पानं धुवायची, उकळायची, गाळायची. तो अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात ओतून कोमट ठेवायचा. पाणी आधी पिवळं होतं, मग मधाच्या रंगाचं, मग कोऱ्या चहासारखं. रंग आला म्हणजे कण झाले. खरी मेख पुढे आहे. कण सुटे राहिले तर रंग टिकतो आणि जंतूंची धडगत नसते. ते एकमेकांना चिकटले तर काळा गाळ होऊन तळाशी बसतात, आणि सगळं मुसळ केरात.

त्यांचा रंग टिकत होता. चक्क आठवडेच्या आठवडे टिकत होता. आणि पानं तरी कुठली? घराच्या कुंपणाला लावलेल्या कोयनेलची. कडू, कसलीही शोभा नसलेली, बकरीसुद्धा तोंड लावत नाही अशी. दोघी येताना पिशवीभर पानं तोडून आणत. बाकीचे लोक लांबून लांबून, नाव घेताना जीभ वळणार नाही असली झाडं मागवत होते, आणि त्यांच्या चंबूत गाळ बसत होता. या दोघींची कोयनेल मात्र कमाल करत होती. वहिनीला तर वाटायला लागलं होतं की कोयनेलवर आपलं प्रेम बसलंय.

पण टेबल अजून तिचं नव्हतं. खिडकीजवळच्या कोपऱ्यातलं ते टेबल मोठ्या सरांनी तिला तात्पुरतं दिलं होतं. भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डातल्या एक डॉक्टरीणबाई कामाची पाहणी करायला येणार होत्या. त्यांच्या वॉर्डात असे जंतू होते की जे आता कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हते. पानं चंबूत पडण्यापासून प्लेटमध्ये रिंगण उमटेपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्यांना ते पटलं, तर वहिनी इथं कायम. नाही पटलं तर टेबल यीस्टवाल्याला. यीस्टवाला म्हणजे शेजारच्या खोलीत यीस्ट वाढवणारा एक लांबोडा गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण कुणी बघत नाही असं वाटलं की खिशातून टेप काढून तो ते टेबल मोजत असे. वहिनीनं दोनदा त्याला रंगेहाथ पकडलं होतं.

वहिनीला ते टेबल हवं होतं. कुणी विचारलं तर ती थट्टेवारी नेई, पण सकाळी त्या टेबलाशी उभं राहून हातमोजे चढवताना तिला आतून असं काही हलकं वाटे की आपण आपल्याच घरी परत आलो. ते पुन्हा सोडायचा विचारही तिला नको वाटे.

आणि घरी होत्या सासूबाई.

सासूबाईंनी सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपडेखान्यात काढली होती, शेवटी तिथल्या मुख्य होऊन निवृत्त झाल्या. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. निवृत्त झाल्या तरी हात थांबेनात, म्हणून आता लेकीचे आणि सुनेचे कोट. त्या खळ स्वतः शिजवत. कशाची शिजवत, त्यात काय काय घालत, हे देवाला आणि त्यांनाच ठाऊक. त्या खळीत बुडवलेले कोट कुंपणावर पसरून वाळवले आणि इस्त्री केली की ते असे कडक होत की खुर्चीवर ठेवले तर माणूस बसल्यासारखे बसून राहत. वहिनी लॅबमध्ये चालायला लागली की कोटाचा आवाज आधी येई आणि वहिनी मागून. तिनं एकदा चाचरत म्हणून पाहिलं, "आई, जरा मऊ चालेल मला."

"मऊ कोट आजाऱ्याचा," सासूबाई म्हणाल्या. "कामाच्या माणसाचा कडक."

कपडेखान्याचा आणखी एक नियम त्यांनी घरी आणला होता. जो कायमचा माणूस, त्याच्या कोटाच्या कॉलरीआत लाल दोऱ्यानं नाव. जो तात्पुरता, त्याला कागदाची चिठ्ठी आणि सेफ्टी पिन. नणंदेच्या कोटावर लाल नाव होतं. वहिनीच्या कोटाला पिन होती, आणि ती अधूनमधून तिच्या मानेला टोचत असे.

"अगं आई, घरातल्या घरात कसली पिन?" जहाजावरून फोन केलेल्या नवऱ्यानं बायकोची बाजू घेऊन आईला चिडवलं होतं. त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "नाव टाकायला मला वेळ लागत नाही रे. उसवायला जीवावर येतं."

डॉक्टरीणबाईंच्या भेटीचा दिवस ठरला तसं घरात लगीनघाई सुरू झाली. वहिनी चालता चालता गाणं म्हणे आणि मधूनच थांबून हसे. नणंद चंबू घासून घासून पारदर्शकाचे अदृश्य करायला निघाली. सासूबाई दोघींना विचारत फिरत होत्या, "मी काय करू? मला काहीतरी सांगा." दोघी म्हणाल्या, "आई, फक्त कोट कडक करायचे." त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवशी सकाळी वहिनी पानं तोडायला कुंपणाशी गेली तर कोयनेल नुसती चमकत होती. हिरवीगार, तुकतुकीत, पानावर धुळीचा कण नाही. कोटही या खेपेला कुंपणावर नव्हते, आत दोरीवर वाळले होते. "आज झाडंसुद्धा नटून बसली आहेत!" असं म्हणून तिनं सासूबाईंना घट्ट मिठी मारली. सासूबाई "अगं चुरगळशील तो कोट!" म्हणून ओरडल्या, पण गालात हसत होत्या.

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आणि हसणं बहुतेक लहानपणीच संपवून बसलेल्या. त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी मोठे सर, आणि दारात उगाचच काहीतरी शोधत असल्यासारखा यीस्टवाला.

वहिनीनं पानं धुतली, उकळली. नणंदेनं गाळली. अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये ओतला. पाणी पिवळं झालं. मग मधाच्या रंगाचं. मग चहाच्या.

"सुंदर," मोठे सर म्हणाले.

"मला रंगाचं काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पाणी जखमेवर ओतलं तर वाहून जाईल. आम्ही जखमेवर कापड ठेवतो. पण बघू पुढे."

पुढे बघायला फार वेळ लागला नाही. चहा गढुळला. मग त्याला राखेचा रंग आला. मग काळे काळे बारीक ठिपके गटागटानं खाली उतरायला लागले, आणि सगळ्यांच्या नजरेसमोर चंबूच्या तळाशी काजळीसारखा गाळ जमला. वर राहिलं ते फिकट, निर्जीव पाणी.

नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. यीस्टवाला खोकला. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पण गाळ तिथंच होता. आणि वहिनीला हसू आलं. ते थांबवायला तिनं ओठ दाबले तर ते नाकातून आलं.

"यात हसण्यासारखं काय आहे, वहिनी?" मोठे सर म्हणाले.

"काही नाही सर," वहिनी डोळे पुसत म्हणाली, आणि पुन्हा हसली. तिला रडायचं होतं, पण तिच्याकडे ती सोयच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं. "उद्या दुपारी माझी गाडी आहे. सकाळी एकदा डोकावून जाईन," एवढंच बोलून त्या सरांबरोबर निघून गेल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग नणंद भराभरा तपासायला लागली. सिल्व्हर नायट्रेट तेच. पाणी तेच. चंबू स्वच्छ. वाफ, वेळ, सगळं रोजचं. "काहीच बदललेलं नाही गं!" ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळं नेहमीचंच आहे!"

"पानं सोडून," वहिनी म्हणाली. "आज पानं चमकत होती."

तिनं घरी फोन लावला. "आई, झुडपांना काही केलंत का? खत? फवारा?"

"खत कशाला घालू? स्वच्छ केली!" सासूबाईंचा आवाज अभिमानानं नुसता फुलला होता. "पानापानावर माझ्या खळीचे पांढरे पोपडे बसले होते. इतकी वर्षं कोट वाळत घालते तिथं, ठिबकतंच ते. तू डॉक्टरांपुढं तसली पानं नेणार? ऊन पाणी घेतलं, मऊ फडकं घेतलं, आणि लेकराचं नाक पुसावं तसं एकेक पान पुसलं. गेले तीन-चार दिवस तेच करतेय तुमच्या मागं. कंबर मोडली माझी. झालं ना गं सगळं छान?"

वहिनीनं डोळे मिटले. "फारच छान झालं, आई. संध्याकाळी सांगते." फोन ठेवला आणि ती टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग स्टुलासकट.

"वहिनी, तुला वेड लागलंय," नणंद म्हणाली. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

"वन्सं, खळ! तुझ्या आईची खळ! पानांवरची!"

"पण आपण पानं रोज धुवायचो की."

"गार पाण्यानं! गार पाण्यानं सुटायला ती खळ काय ऐरीगैरी आहे?"

नणंद खाली बसली. ती रसायनवाली होती, तिला फार सांगावं लागलं नाही. खळ म्हणजे स्टार्च. गार पाण्यात ती पानाला चिकटून राहणार, आणि उकळलं की अर्कात उतरणार. मग प्रत्येक कणाभोवती तिचं पांघरूण बसणार, आणि कण एकमेकांना चिकटणार नाहीत. कण करत होती कोयनेल, आणि त्यांना सांभाळत होत्या सासूबाई. पण रसायनवालीच ती, लगेच बोट उचललं. "पानात स्वतःचाही स्टार्च असतो हं."

"म्हणून तर दोन नळ्या," वहिनी म्हणाली. फ्रिजमध्ये मागच्या आठवड्यातला अर्क उरला होता. एका नळीत तो, दुसऱ्या नळीत आजचा. जंतूंना रंग देण्यासाठी तिच्याकडे आयोडीन असेच. स्टार्च असला की ते निळंकाळं होतं, म्हणून दोन्हीत एकेक थेंब टाकला. आजचा अर्क जरासा मळकट झाला आणि थांबला. जुना अर्क दौतीतल्या शाईसारखा निळाकाळा झाला.

दोघी त्या नळीकडे बघत बसल्या. मग नणंदेचा चेहरा पडला. "म्हणजे आपलं चुकलंच. आपण सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हे एकट्या पानांचं काम आहे."

"चुकलं खरं. आता दुरुस्त करू," वहिनी म्हणाली. तिला आता इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीला लागतायत की नाही याची शंका यावी. "चल. आजच्या अर्कात खळ घालायची."

"स्टोअरमध्ये स्टार्चची बाटली असेल. बघू?"

"बाटलीतला स्टार्च पुढच्या आठवड्यात. आज दुसरा डाव मांडायला वेळ नाही. प्लेट दुपारच्या आत उबवणीच्या कपाटात गेली नाही तर सकाळपर्यंत रिंगण दिसणार नाही. मला तीच खळ हवी, आई शिजवतात ती."

"आणि ती इथं कुठून आणणार?"

वहिनीनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. खास आजच्या दिवसासाठी कडक केलेला कोट. बाहीला दुमडलेले, पुठ्ठ्यासारखे ताठ कफ. नणंदेनंही बघितलं आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"नाही. वहिनी, नाही. आई तुला उभी चिरेल."

"मग तू पुढे उभी राहा, मी मागे," म्हणत वहिनीनं कात्री उचलली. कात्री कफाशी नेली तसं तिला पुन्हा हसू आलं. त्या हसण्यात कात्री तिरपी गेली, ती गेलीच. एक कफ तिनं अर्कात टाकून उकळायला ठेवला. मग दुसराही कापला.

"हा कशाला?"

"एक औषधाचं ठेवलं की शेजारी एक साधं ठेवायचं. नाहीतर कुणामुळं काय झालं हे कसं कळणार?" ही तिची शिकतानाची सवय, इतक्या वर्षांत गेली नव्हती.

अर्क उकळला, दाटला, जरा लकाकला. आता दोघींची अशी घाई उडाली की एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत. नणंदेनं अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये ओतला आणि दोघी हनुवट्या टेबलावर टेकून बघत राहिल्या. पिवळं. मध. चहा. श्वास धरून बसल्या. चहा तो चहाच राहिला. वाट बघितली, पुन्हा बघितली, चंबू हलवून बघितला. गाळाचा ठिपका नाही.

"टिकला!" नणंद किंचाळली. मग तिची नजर चंबूच्या तळाशी गेली. "वहिनी! कफ आतच राहिला!"

खरंच राहिला होता. अर्काबरोबर तोही चांदीत गेला होता. चिमट्यानं बाहेर काढला तेव्हा पांढऱ्याशुभ्र कफाचा रंग मुरलेल्या मधासारखा झालेला.

"घाण झाली सगळी. फेकून दे," नणंद म्हणाली.

वहिनी चिमट्यात लोंबणाऱ्या त्या चिंधीकडे बघत होती. आणि तिच्या कानात डॉक्टरीणबाईंचं बोलणं आलं. पाणी वाहून जाईल. आम्ही जखमेवर कापड ठेवतो.

तिनं कफ फेकला नाही. तो पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतला, सिल्व्हर नायट्रेट नुसतं चिकटून राहिलं असेल तर निघून जावं म्हणून. त्याचा नखाएवढा चौकोन कापला. साध्या कफाचाही तेवढाच चौकोन कापला, तोही तसाच धुतला. प्लेटवर जंतू पसरले, मधे भोक पाडून त्यात चांदीचं नवं पाणी घातलं, आणि कडेला हे दोन चौकोन ठेवले. उबवणीचं दार लावताना तिनं त्याला हलकेच थोपटलं. नणंद म्हणाली, "अंगाईही म्हण आता." वहिनीनं खरंच म्हटली.

घरी जाताना तिनं कोटाची घडी पिशवीत तळाशी घातली, आणि सासूबाई कपडे मागायला येण्याआधी मुलीला अभ्यासाला घेऊन दार लावून बसली.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. आत यायची त्यांची फारशी इच्छा दिसत नव्हती. मोठे सर मागे. यीस्टवालाही होताच. वहिनीनं उबवणी उघडली. प्लेट बाहेर काढताना तिनं स्वतः आधी बघितलं नव्हतं. धीरच झाला नव्हता.

मधल्या पाण्याभोवती रिंगण होतं, मोठं, स्वच्छ. नणंदेनं हुश्श केलं. पण डॉक्टरीणबाई रिंगणाकडे बघतच नव्हत्या. त्यांनी प्लेट हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि कडेला डोळे लावले. मधाच्या रंगाच्या चौकोनाभोवती खंदक खणल्यासारखी मोकळी जागा होती. एक जंतू फिरकला नव्हता. आणि शेजारच्या पांढऱ्या चौकोनाला मात्र जंतू चारी बाजूंनी हक्कानं बिलगून बसले होते.

"हे कापड कुठून आणलं?"

वहिनीनं दोन्ही हात पुढे केले. बाह्यांची टोकं तिरपी, दोरे लोंबताहेत. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्या बाह्यांकडे बघितलं, एकदा प्लेटकडे, आणि त्या हसल्या. चांगल्या मोठ्यानं, खांदे हलवून. त्यांचं हसणं संपलेलं नव्हतं तर, कुठंतरी ठेवलेलं होतं.

मग वहिनीनं सगळं सांगितलं. काल काय झालं, पानं का फसली, खळीचं काय, काही लपवलं नाही. सासूबाईंनी पानं पुसल्याचं ऐकून मोठ्या सरांनासुद्धा भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"हे धुतलं तर टिकेल?" डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"माहीत नाही."

"माझ्याकडच्या जंतूंवर चालेल? भाजलेल्या कातडीला सोसेल?"

"तेही माहीत नाही. शोधावं लागेल."

"किती दिवस?"

"टेबल राहिलं तर सांगते," वहिनी बोलून गेली, आणि भीतीनं तिला पुन्हा हसू आलं.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या सरांकडे बघितलं. "यांचं टेबल कुठं जातंय?"

"कुठं जातंय?" मोठे सर म्हणाले. "वहिनी कायम आहेत इथं. आजपासून. जे माहीत नाही ते नाही म्हणणारं माणूस मी कशाला सोडू?" यीस्टवाल्यानं टेप खिशात ढकलला, पुढे येऊन वहिनीचं अभिनंदन केलं, आणि हळूच विचारलं की त्याचा कोट कुणी कडक करून देईल का.

त्या दिवशी दोघी घरी आल्या त्या रस्ताभर हसत. फाटकाशी मात्र दोघींची पाचावर धारण बसली. सासूबाई कुंपणाशी उभ्या होत्या. कोट लपवायला आता जागा नव्हती, तो अंगावरच होता.

सासूबाईंनी सुनेचा हात धरला. बाही उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. मग दुसरी.

"कापलेस."

"हो आई."

"कापलेस ते कापलेस. पण तिरपे?"

वहिनीनं सांगायला सुरुवात केली. पानं, खळ, गाळ, चौकोन, खंदक. मधे मधे हसू येत होतं, तरी सांगत राहिली. सासूबाई कुंपणाकडे वळल्या. त्यांनी पुसलेल्या चकचकीत पानांवरून एकदा हात फिरवला. एवढी कंबर मोडून आपण काय करून ठेवलं होतं, हे त्यांना कळलं असावं, कारण चेहरा क्षणभर अगदी बारीक झाला. वहिनीला ते बघवेना. "आई, तुम्ही पुसली नसती तर आम्हाला कधी कळलंच नसतं," ती म्हणाली. खरंच होतं ते.

"टेबलाचं काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"राहिलं."

"किती दिवस?"

"कायम."

सासूबाई आत गेल्या. दोघी मागोमाग गेल्या. त्यांनी शिवणाचा डबा काढला, चष्मा लावला, सुनेच्या अंगावरचा कोट ओढून घेतला आणि मांडीवर पसरला.

"सुईत दोरा ओव. मला दिसत नाही."

वहिनीनं डब्यातलं पांढरं रीळ उचललं.

"कफ मागाहून लावीन," सासूबाई म्हणाल्या, आणि कॉलरीतली सेफ्टी पिन काढून त्यांनी तोंडात धरली. "लाल घे."